कापलेल्या मोचीचे दोन तुकडे

मी, सोनोबे कियोहारू, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा सेनबे, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, भाजण्याचा (आता बंद), राहणार नदीकाठची भट्टीआळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण लिहायला गुडघे लागत नाहीत. मला कोणा माणसाने धाक घातलेला नाही. धाक आहे तो एका पत्र्याच्या डब्याचा. त्याविषयी पुढे लिहितो.

कलम १. घर, दुकान व मागची भट्टी माझी एकुलती एक मुलगी चिझुरू हिला मिळावी. ती सेंदाई शहरात राहते आणि तिने तीन वर्षांत माझा फोन उचललेला नाही. तिला हे सगळं विकायचं असेल तर खुशाल विकावं.

कलम २. सोया सॉसचं जुनं मडकं शेजारच्या न्हावीकाम करणाऱ्या नाकामारूबाईंना. वीस वर्षं त्या मडक्यावर डोळा ठेवून आहेत. घ्या एकदाचं.

कलम ३. चित्रफितींची सहा रिळं हागिवारा हिरोबुमी याला. हा माझा बालमित्र, फोटो स्टुडिओवाला. तरुणपणी आम्ही जुन्या अवकाशपटांची टिंगल करणारे छोटे चित्रपट काढायचो, सगळे खाऊचे. उडत्या तबकड्या म्हणजे माझ्या सेनबे. यंत्रमानवांची फौज म्हणजे कोळंबीच्या कुरकुरीत कांड्या. तबकड्यांचं दुसरं आक्रमण कधी झालंच नाही, कारण पहिल्याच दुपारी हिरोबुमीने निम्मा ताफा खाऊन टाकला. शिवाय पाटीवर ‘दिग्दर्शन: हागिवारा’ हे हाताएवढं आणि ‘खाऊ: सोनोबे’ हे मुंगीएवढं. हे मी विसरलेलो नाही.

कलम ४. सातवं रीळ चिझुरूखेरीज कोणालाही देऊ नये. त्यात आकाशातून पडलेली मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचा चिकट गोळा, फुगत जाते आणि गाव गिळते. आधी टपालवाले आकुत्सू, मग माझी बायको तामाए, आणि शेवटी आमची सहा वर्षांची चिझुरू. चिमुकला लाल हातमोजा घातलेला हात सुरीने मोची कापतो, आणि दोन्ही तुकडे तिच्याच अंगावर कोसळतात. त्यासाठी हिरोबुमीला खरीच मोची हवी होती. नकली मोची पडद्यावर नकलीच दिसते म्हणे. म्हणून आम्ही देवापुढची नववर्षाची मोची उचलली.

आमच्याकडे त्या मोचीला सुरी लावत नाहीत, अपशकुन होतो. अकरा जानेवारीला लाकडी हातोड्याने फोडतात, आणि ‘फोडली’ असंही म्हणत नाहीत, ‘उघडली’ म्हणतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही पस्तिशीचे घोडे, तरी कापली. चित्रपट दाखवला तेव्हा आळी पोट धरून हसत होती, आणि सुरी दिसताच सगळे गप्प झाले.

बारा वर्षांपूर्वी दोन जानेवारीला आकुत्सूंच्या घशात मोची अडकली. गेले. तीन वर्षांपूर्वी तीन जानेवारीला माझी तामाए, माझ्यासमोर, मोचीचा रस्सा अजून गरम असताना. डॉक्टर म्हणाले, दरवर्षी म्हातारी माणसं अशी जातात. दिवसा मलाही ते पटतं.

अंत्यविधीनंतर चिझुरू एवढंच म्हणाली, “बाबा, ती मीच कापली होती ना? आता माझा नंबर.”

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप ते आहे. तेव्हापासून ती दर नववर्षाला एकटी बसून मोचीचे मोठमोठे घास पाण्याविना गिळते, असं तिच्या घरमालकिणीने मला कळवलंय. जणू रिळातली यादी लवकर संपवायची आहे.

तर चिझुरू, हे वाच. तू कापली नाहीस. मोची दगडासारखी वाळली होती, तुझ्या हाताने चरा उमटेना. तू कंटाळून तांदळाच्या पोत्यांवर झोपलीस. आईने विणलेला तुझा हातमोजा मी बोटांवर ताणून चढवला आणि मी कापली. रीळ थांबवून बघ, मनगटावर भट्टीत भाजल्याचा डाग आहे. तो माझा आहे.

कलम ५. कापलेले तुकडे पुढच्या चित्रपटासाठी म्हणून त्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, ते सेहेचाळीस वर्षं तिथेच आहेत. डबा हलवला तर खडखडत नाही. गेल्या वर्षी झाकण सपाट होतं, आता मध्ये फुगलंय. मी त्यावर जातं ठेवलंय. चिझुरूने त्याला हात लावू नये. दोन्ही तुकडे माझ्या शवपेटीत ठेवून माझ्याबरोबर जाळावेत.

हे आज हिरोबुमीला वाचून दाखवलं. तो काठी टेकत साक्षीला आला होता.

“दोन्ही तुकडे तुला?” तो म्हणाला. “का रे?”

“कापली मी.”

“काप असं कोण ओरडलं? देवापुढून उचल असं कोण म्हणालं? जन्मभर माझ्या चित्रपटांचं श्रेय मागत आलास, आता शापसुद्धा एकटाच घेणार?”

“तुझं नाव हाताएवढं होतं. पुरे झालं.”

“मग इथेही हाताएवढं लिही,” तो म्हणाला. “पोरीचं नाव यादीतून खोड, कियोहारू. तिला मी कडेवर घेऊन फिरवलंय.”

दुसऱ्या साक्षीदार म्हणून आलेल्या नाकामारूबाईंनी दोघांना चहा दिला आणि जात्याकडे पाठ करून बसल्या.

कलम ५ (दुरुस्त). एक तुकडा माझ्या शवपेटीत, एक हिरोबुमीच्या. आमच्यातला जो मागे राहील त्याने जात्याशेजारी झोपावं आणि झाकणावर लक्ष ठेवावं. यादीत तिसरा आणि चौथा आम्ही. पाचवं कोणी नाही.

चिझुरू, पुढच्या वर्षी मोची बारीक तुकडे करून खा, आणि पाणी जवळ ठेव.

भट्टीआळी, अकरा जानेवारी, रेइवा सातवे वर्ष (इ.स. २०२५). या वर्षीची मोची सकाळी हातोड्यानेच उघडली.

सोनोबे कियोहारू (शिक्का)

साक्षीदार: नाकामारू योशिए (शिक्का)

साक्षीदार: हागिवारा हिरोबुमी (शिक्का). त्या दिवशी कॅमेऱ्यामागे मी होतो. मुलगी झोपली होती. आज रात्रीपासून माझी गादी इथेच टाकली आहे, कारण मी सही करत असताना जातं हललं.