पास्कोलच्या शर्टात बस्त्याव

५ नोव्हें., बुध
आमच्या रिनाला पहिलं काम मिळालं! गल्लीतली कारमेल स्वतः आली, पास्कोलचं रंगातलं मोठं चित्र काढून दे म्हणाली. मी लगेच चहा टाकला. मी तिसरीत शाळा सोडलेली, आणि माझी नात माणसांचे चेहरे काढते. मग काम कसलं ते ध्यानात आलं. गणपतीनंतरच्या वाऱ्यात जाळं ओढताना कारमेलचा थोरला पोर पास्कोल बोटीवरून पडला. बाकीचे आले. तो अजून न्हाय. कारमेलला चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा, गेलेल्या माणसाची प्रार्थना, करायचीय, तिथे ठेवायला चित्र पाहिजे. चहा गोड झाला फार. कोणी प्यायलं न्हाय.

६, गुरु
रिनाला फोटो लागतो बघून काढायला. पास्कोलचा फोन त्याच्याबरोबरच गेला. आधार कार्डावरचा बघितला, तो कुणी पण असेल. बाकी सगळे फोटो त्याच्या बायकोकडे, लुसीकडे. ती देत न्हाय. लग्नाचा अल्बमही कुलपात. मी समजवायला गेले, माझं तोंड कुठे गप्प बसतं. म्हणाली, "मावशी, ती मिस्सा मेलेल्या माणसाची. माझा नवरा मेलेला कोणी बघितला?"
येताना मांदेली घेतली. ताजी होती.

९, रवि
कारमेलने तोड काढली. तिचा धाकटा बस्त्याव भावासारखाच दिसतो, त्याला समोर बसव, बाकीचं मी सांगते. रिना म्हणे, "आजी, मला बरं न्हाय वाटत." म्हटलं, "काढ गो, देवाने हात दिलाय." मलाच घाई, कधी बघते.
भाईंदर वेस्टला जाऊन कॅनव्हास आणला. बसमध्ये मांडीवर धरला. बाजूची विचारते, "क्या है आंटी?" मी म्हटलं, "मेरी पोती आदमी का फोटो निकालती है, हाथ से!" आमचं उत्तन येईपर्यंत मिरवलं. कोणाचा, ते न्हाय सांगितलं.

१२, बुध
काय दिवस.
बस्त्याव आला. कारमेलने त्याला पास्कोलचा चर्चला घालायचा निळा शर्ट चढवला, खिडकीकडे तोंड करून बसवला. स्वतः रिनाच्या खांद्याशी. "नाक बारीक कर गो. गाल भर. हसता ठेव." रिना पुसते, परत काढते. बस्त्यावला घाम. म्हणतो, "आये, जरा हलू का? का मी पण गेलो?" कारमेल हसली, मग रडायला लागली.
तेवढ्यात लुसी. मला कालवण द्यायला आलेली, तिला काय ठाऊक घरात हे चाललंय. दारातून तिला पाठ दिसली. निळा शर्ट.
"आलास?"
बस्त्याव वळला. पातेलं तिच्या हातातून गेलं.
मग ती खाली बसून लादी पुसत राहिली. मी नको नको म्हणते. बस्त्यावने शर्ट काढला, बनियनवर घरी गेला.

१४, शुक्र
बस्त्याव पुन्हा येईना. रिनाने उरलेलं आठवून पुरं केलं. काय उतरलाय! मी येता जाता बघते. दुसऱ्याच्या घरात रडारड आणि मला आनंद, लाज वाटते, पण होतो त्याला काय करू. कारमेल म्हणाली, "माझा पोर." गालावरून हात फिरवणार होती, रिनाने धरला, रंग ओला हाय. रविवारी मिस्सा. सकाळी न्यायला येते म्हणाली.

१५, शनि
दुपारी लुसी आली, आपणहून. खुर्ची ओढून चित्रासमोर बसली. म्हणाली, "हा आयेचा पास्कोल. माझ्याशी लग्न व्हायच्या आधीचा."
मग रिनाला जवळ बोलावलं. "कानाजवळ पांढरे झालेत त्याचे. इथे. या बाजूला जास्त. मी म्हणते कलर लाव, ऐकत न्हाय."
रिनाने विचारलं, "वहिनी, घालू मग?"
लुसी उठली, खुर्ची जागेवर ठेवली. उद्या चर्चला येणार का, मी विचारलं. चप्पल घालून निघून गेली.
पांढरे घातले तर कारमेल सकाळी म्हणेल, हा माझा पोर न्हाय. आणि न्हाय घातले तर...
रिना ब्रशला पांढरा रंग लावून उभी हाय. "आजी, सांग ना." माझं एवढं बडबडं तोंड.