खोड सांगून विकलेली होडी

नळदुर्ग

तीर्थस्वरूप महारुद्रमामा यांस,

योगीराजचा वाकून नमस्कार. (वाकलोय, पण दातओठ खाऊन वाकलोय, एवढं ध्यानात असू द्या.) गेल्या गुरुवारी आमच्या ओट्यावर चपला घालता घालता तुम्ही आईला म्हणालात, "द्वारके, तुझं पोरगंबी डेमोच हाय," आणि त्या घटकेला माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं. शेजारच्या कोंडीरामकाकांनी ते ऐकलं. आता ते रोज सकाळी तोंड धुता धुता मला विचारतात, "काय डेमो, चहा झाला का?"

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं बीपी? नवी देवणी बैलजोडी वैरण खायला लागली का? सगळे सुखरूप असाल अशी आशा करतो, कारण आजारी माणसावर रागावता येत नाही आणि मला तुमच्यावर पोटभर रागवायचं आहे.

आता मुळापासून सांगतो. डेमो म्हणजे काय, हे तुम्ही विचारलंच नाही, थेट निकाल दिलात. खेळ विकण्याआधी त्याचा पहिला तुकडा फुकट खेळायला देतात, तो डेमो. हा खेळ कुठल्या मोठ्या कंपनीचा नाही. लांब कुठल्या तरी थंड गावातल्या दोन बहिणींनी घरी बसून बनवलाय. एक नदी, एक होडी, होडीत दोन माणसं. एकानं वल्हं मारायचं, दुसऱ्यानं दिवा धरायचा आणि काठावरच्या गावांना पोती पोचवायची. दिवा धरणारा दुसऱ्या गावात बसूनही खेळू शकतो. (माझा दिवा सोलापुरातून धरला जातो. कोण धरतं ते मधेच विचारू नका.) डेमो संपतो तो एका वळणावर. दिवा धरणारं माणूस मागं वळतं, वल्हेवाल्याकडं बघतं, काहीतरी सांगायला तोंड उघडतं, आणि पडदा काळा! "पुढचं पूर्ण खेळात." अरे, अशा ठिकाणी कुणी तोडतं का? पंगतीत पुरणपोळी वाढून पहिला घास तोंडाशी नेताना ताट ओढावं, तसलं हे काम. घ्यावा की न घ्यावा, या विचारात माझी झोप गेली. वळण बघण्यासाठी तोच डेमो मी इतक्यांदा खेळलो, की नदीतले मासे मला ओळखायला लागले असतील.

तर तुम्ही आलात. आईनं तुम्हाला वेगळ्या कामासाठी बोलावलं होतं. (काम काय होतं ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, आख्ख्या भावकीला ठाऊक. मामाच्या पोरीचा विषय काढायला बहिणीनं भावाला मटण खाऊ घालावं, ही काही आमच्या घरची नवी रीत नाही.) मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. तुम्ही विचारलंत काय चाललंय, मी म्हणालो, घ्यावं का बघतोय. झालं! "घ्यावं" हा शब्द कानावर पडला आणि तुमच्यातला बैलबाजार जागा झाला. मटण तसंच ठेवून तुम्ही माझ्याशेजारी उकिडवे बसलात. "मागं सार." होडी मागं सारली. "वझं घाल." होती नव्हती ती सगळी पोती भरली. "आता दगडावर घाल." मामा, शहाण्या माणसानं होडी दगडावर घालायची असते का? पण मोठ्यांचा शब्द मोडू नये म्हणून घातली. आणि होडी त्या खडकाच्या आरपार निघून गेली, जशी काही ती धुक्याची होती. "खोड हाय! खोड हाय!" तुम्ही असे ओरडलात की आमची कामवाली शरणम्मा घासायची भांडी टाकून धावत आली. तिला वाटलं साप निघाला.

मग तुमचं प्रवचन. "पहिल्या फेऱ्याला समदीच जनावरं नाचत चालत्यात. ज्याचं पुढलं बघाय मिळत न्हाय, ते म्या घेत न्हाय." एक मात्र कबूल केलंत. "दिवा धरणारं जे कोण हाय ते लई गुणाचं हाय. तू भेलकांडतूस आन् ते सांभाळून घेतंय." आणि निघताना, ओट्यावर, ते वाक्य.

मी कॉलेज अर्धं सोडलं, यावर तुमचा सगळा रोख. सोडलं! मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम सर म्हणाले कुणाचा तरी ढापलाय. मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आलो घरी. अजूनही तसंच करीन. पण मला डेमो म्हणून दावणीवरून हाकललंत, आणि येत्या रविवारी तामलवाडीचं स्थळ तुमच्या शिवांजलीला बघायला येणार म्हणे! त्याला चालवून बघितलंत का? मागं सारून बघितलंत? कडक इस्त्रीचा शर्ट आणि कॉलेज पुरं केल्याचा कागद बघितलात. दावणीला उभा असलेला बैल तर कुठलाही दलाल देखणा करून आणतो. आमच्यावेळीच बरे तुमचे डोळे उघडतात!

तुमचा निकाल खोटा पाडायचा म्हणून मी त्या बहिणींच्या दुकानाचं पान नीट वाचायला बसलो. (आधी वाचलं नव्हतं. डोकं तापलेलं असताना वाचन होत नाही.) तर तिथं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय : आमची होडी अधूनमधून खडकातून आरपार जाते, आम्हाला माहीत आहे, दुरुस्त करतोय, आणि खेळ नाही पटला तर ठरल्या मुदतीत परत करा. मामा, मी बसल्या जागी उभा राहिलो. लहानपणी तुमच्याबरोबर बाजारात फिरलो तेव्हा तुम्हीच कानात घातलं होतं, "खोड सांगून इकतो त्यो यापारी, खोड दडवून इकतो त्यो चोर. आन् परतीची बोली दिली, तर डोळं झाकून दावं हातात घ्यावं." मी तुमच्याच नियमानं खेळ घेतला. आता तुमच्याच नियमानं बोलतो. माझी खोड : लगेच तापतो. तापलो की हातातलं टाकून चालू लागतो. औताला कधी जुंपला गेलो नाही, म्हणून खांद्याला घट्टा नाही. मारकुटा नाही, खादाड आहे. सांगितली खोड. तामलवाडीवाल्यांनी एक तरी सांगितली का? त्यांना विचारा, आणि उत्तर आलं नाही तर काय समजायचं ते मी तुम्हाला शिकवू नये.

राग आहे तो आहेच, माया आटलेली नाही. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा (अर्धा का होईना),
योगीराज

ता. क. : पूर्ण खेळात वळणावर ते दिवा धरणारं माणूस काय म्हणतं माहितीय? "डावीकडं घे, खडक आहे." बस्स! एवढ्यासाठी माझी झोप गेली होती.

ता. क. दुसरा : तुम्हाला लई गुणाचं वाटलेलं ते दिवा धरणारं माणूस म्हणजे तुमची शिवांजली. सोलापूरला हॉस्टेलात अभ्यास उरकून धरते. (अभ्यास उरकून. तिला ओरडू नका.) तेच वळण आलं तेव्हा मला जे विचारायचं होतं ते मी होडीतूनच लिहून विचारलं. तिनं लिहिलं, "आधी बाबांना विचार. हिंमत असंल तर." म्हणून हे सगळं.

ता. क. तिसरा : खरं मागणं एवढंच. रविवार पुढं ढकला आणि मला एक हंगाम तुमच्या गोठ्यात जुंपून बघा. शेण काढीन, वैरण कापीन, बाजाराला जोडी चालवत नेईन. नाही पटलो तर परत करा. परतीची बोली आहे, आईनं मान्य केलंय. (जरा लवकरच मान्य केलं.)

ता. क. चौथा : हे टपालात टाकणार होतो, पण टपाल पोचेपर्यंत मी थंड होईन, आणि थंड झालो तर येणार नाही. म्हणून पत्र घेऊन मीच निघालोय. तुम्ही हे वाचताय तेव्हा मी समोर गोठ्यापाशी उभा असेन. वर बघू नका, आधी वाचून संपवा. आई आतून विचारतेय, तापून कुठं चाललास? जुंपून घ्यायला, असं सांगतो आणि दार ओढून घेतो.