संतरामची राहिलेली इंग्रजी

शिरड शहापूर, ३ फेब्रुवारी १९३८
नांदेडहून निघताना आईने डोळ्यांत पाणी आणलं, पण इथला माझा थाट तिने पाहायला हवा होता! तातेरावांच्या घरी स्वतंत्र खोली, ज्वारीची गरम भाकरी, वर दुधाचा पेला, आणि विद्यार्थी एकच, त्यांचा मुलगा संतराम. पोरगं हुशार आहे, फक्त इंग्रजी राहिली, असं तातेराव म्हणाले. भरगच्च वर्गात घसा कोरडा करणाऱ्या मला हे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

४ फेब्रुवारी
दुपारी ओसरीवर बसलो तर समोर सतरंजी, पाटी, पेन्सिल. विद्यार्थ्याचा पत्ता नाही. खांबाआड त्याची आई मंजुळाबाई. स्वारी कुठे दडी मारून बसली, असं मी गमतीने विचारलं. तातेरावांनी मान खाली घातली. संतराम दिवाळीत तापाने गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. कुणी काय, कुणी काय कबूल केलं, पण कावळा ढिम्म. शेवटी बाप म्हणाला, तुझी इंग्रजी मी पुरी करतो, आणि कावळ्याने झडप घातली. "जबान दिली, मास्तर. आता शिकवल्याबिगर सुटका न्हाई."
मला रडू आलं. बापाचा शब्द राहावा म्हणून मी रिकाम्या सतरंजीला शिकवायचं कबूल केलं.

९ फेब्रुवारी
संतरामच्या पुस्तकातली खूण 'मस्ट', 'शुड', 'हॅव टु' या धड्यावर आहे. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे केलेलं बरं. हॅव टु म्हणजे मन नसलं तरी करावं लागतं. मंजुळाबाई खांबाआडून पुटपुटतात, अंगणातल्या विहिरीजवळच्या मातीत काडीने अक्षरं गिरवतात. माझ्या नांदेडच्या ठोंब्यांपेक्षा बाई लवकर शिकतात.

१४ फेब्रुवारी
सवयीने म्हणून गेलो, आता तू वाक्यं लिही. पाणी पिऊन परतलो तर पाटीवर सुबक अक्षरात: 'आय हॅव टु गो. मदर मस्ट लेट मी गो.' मी त्याचं पुस्तक ओढून ताडून पाहिलं. अक्षर त्याच्या पुस्तकावरच्या नावाचंच.
मंजुळाबाईंनी पाटी छातीशी धरली. "काय म्हणून राहिलं माझं लेकरू?" त्यांच्या तोंडाकडे पाहून मला खरं सांगवेना. म्हणालो, आईजवळच राहायचंय म्हणतो.

१५ फेब्रुवारी
बाईंनी आज सतरंजीपुढे ताट वाढलं. ऱ्हा रे बापा, तुला कोण जा म्हणतंय, असं त्याला समजावत होत्या. किती दिवसांनी जेवल्या म्हणे. मी माझं ताट तसंच सरकवलं.

१८ फेब्रुवारी
पाटी कडेपर्यंत भरलेली. आय हॅव टु गो, आय हॅव टु गो— अक्षर आता वेडंवाकडं. मी समोर असताना पेन्सिल करकरते. सतरंजी ओली आहे. तो रडतो आहे. जाऊ पाहणाऱ्याला मीच आईकडून अडकवलं—

२० फेब्रुवारी
आज सगळं खरं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. 'गो' त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझं खोटं त्यांना हवं होतं, म्हणून घेतलं. एवढंच म्हणाल्या, जाऊ द्यावंच लागंल, पण लेकराला एकट्याला कसं धाडू?

२१ फेब्रुवारी
दुपार. तातेराव शेतात. घरात हाक मारली— कुणी ओ देत नाही.
पाटीवर नवं अक्षर. काडीने गिरवून शिकलेलं. 'आय मस्ट गो विथ हिम.'
पाय उठत नाहीत. हात तेवढा लिहितो आहे, थांबला तर मी ओरडेन—
पेन्सिल उभी राहिली. आईच्या ओळीखाली त्याचं अक्षर उमटतंय. 'नो. मदर मस्ट नॉट. सर, रन. वेल—'
वेल म्हणजे विहीर—