आवाजाची बटणं

ता. १९ जानेवारी, रविवार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, बाळाचा फोटोही मिळाला. कान थेट तुझ्या ताईचे आहेत, म्हणजे पुढे कोणाचं ऐकेल असं दिसत नाही. माझी तब्येत ठीक आहे. लॅबने पुन्हा बोलावलं आहे, अर्धा दिवस जातो. काचपट्ट्या तपासताना वेळ बरा जातो. जेवण वेळेवर होतं. पोळी अजून गोल होत नाही, पण भाजली जाते.

उत्तराला उशीर झाला. तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक म्हणजे ताईचा लिहायचा कीबोर्ड तुला हवा आहे. दुसरी म्हणजे ताई गेली तेव्हा तू वेळेवर पोहोचली नाहीस, आणि त्याबद्दल स्वतःला माफ करता येत नाही. ‘फोनवर बटणांचा आवाज इतका खणखणीत यायचा, मला वाटलं अजून वेळ आहे. भावोजी, मला कळायला हवं होतं,’ असं तू लिहिलं आहेस.

पहिल्या गोष्टीचं उत्तर सोपं आहे. तो कीबोर्ड तुझाच. दुसरीचं उत्तर मला द्यायलाच हवं आणि ते दिल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, सांगता येत नाही. म्हणून थोडं मागून येतो. शिवाय तुझे आभार मानायचे राहून गेलेत, ते आधी मानून घेतो.

तुझ्या ताईच्या आवाजाबद्दल तुला मी काय सांगावं? शाळेच्या मैदानाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाची मुलं ओळीत आणायची, तीही शिट्टीशिवाय. घरात मला हाक मारली की खालच्या मजल्यावरचे लोक ‘आलो’ म्हणायचे. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता या घरात बोलणार कोण? मी कसा आहे ते तू जाणतेस. ती म्हणायची, “यांच्याशी संसार म्हणजे भिंतीशी गप्पा. भिंत निदान अधूनमधून पोपडे तरी टाकते.”

मग ती लॅपटॉपवर लिहायला लागली. लिहिलेलं वाचून दाखवणारी एक सोय असते, ती मी बसवली. त्यातल्या बाईचं पहिलं वाक्य ऐकल्याबरोबर ताईने लिहिलं, “ही सवत माझ्या घरात नको.” सवत गेली. ताईने लिहायचं आणि मी वाचायचं असं ठरलं. पण लॅपटॉपच्या बटणांना आवाज नाही. मी ओट्याकडे तोंड करून भांडी घासायचो आणि ती मागे बसून चार-चार ओळी लिहून माझ्या पाठीकडे बघत राहायची. टाळ्या वाजवायची. नळाच्या आवाजात मला ऐकू जायचं नाही. एकदा चप्पल फेकली. नेम शाबूत होता.

हे तिने तुला कळवलं आणि तू म्हणालीस, मग मोठ्याने बोलणारा कीबोर्ड करू की! तू हौसेने कीबोर्ड जोडतेस हे मला माहीत होतं, पण खरं सांगू, मला तो रिकामटेकडा उद्योग वाटायचा. दुकानात तयार मिळणारी वस्तू माणूस सुटी करून का आणतो? तू स्वतःच जोडून पाठवणार होतीस. ताईने तुला लिहिलं, “सुटे भागच पाठव. यांना जोडू दे. दिवसभर माझ्याकडे बघत बसतात, जणू मी गॅसवरचं दूध आहे.”

तुझं खोकं आलं. त्यात सर्किट बोर्ड दोन होते. मी फोन करून म्हटलं, एक चुकून जास्त आला. तू म्हणालीस, “चुकून नाही, भावोजी. पहिल्यांदा जोडणारा एक बिघडवतोच. तो तुमचा.” मला जरा राग आला होता. आयुष्यभर नाजूक काचा हाताळलेला माणूस मी. पण तुझंच खरं झालं. बोर्डाला ओरखडा पडू नये म्हणून मी तो उशीवर ठेवला आणि वरून बटणांखालचा एकेक स्विच दाबून बसवत गेलो. खालून हाताचा आधार हवा, हे मला कुठून कळणार! उशी दबत गेली आणि बोर्डाच्या पाठीवरच्या, स्विचचे पाय ज्यांत बसतात त्या डाग देऊन चिकटवलेल्या बारीक धातूच्या खाचा एकामागून एक सुटून उशीत पडल्या. त्या मी चिमट्याने गोळा केल्या आणि फोन लावला. तू कॅमेऱ्यातून बघितलंस आणि म्हणालीस, “भावोजी, बोर्ड जोडताय की बाळ झोपवताय?”

ताई इतकी हसली की गळ्यातल्या नळीला हात लावून बसावं लागलं. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे हलायचे. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा तेव्हा हसली. याबद्दल मी तुझे आभार कधीच मानले नाहीत. आज मानतो.

दुसरा बोर्ड टेबलावर घेतला. तू फोनवर, ताई शेजारी. स्विचचे दोन्ही पाय सरळ आहेत ना ते भिंगाखाली बघायचं, खाली तळहात द्यायचा, मग दाबायचं. स्पेसच्या लांब पट्टीखाली तार असते, तिला वंगण लावायचं. ते मी पोळीला तूप लावल्यासारखं लावलं, मग पुसून पुन्हा लावलं. संध्याकाळी वायर जोडली. ताईने मला हाताने खूण करून स्वयंपाकघरात पाठवलं. नळ सोडायला लावला. आणि मागून टकटक, टकटक सुरू झालं. पत्र्यावरच्या पावसासारखा आवाज. मी नळ बंद करून आलो. पडद्यावर होतं, “अहो, ऐकू येतंय का?”

मी “हो” म्हटलं.

त्यानंतरचे महिने चांगले गेले, हे तुला सांगायचं आहे. आवाजावरून मला कळायला लागलं. सलग टकटक म्हणजे शाळेतली एखादी जुनी गोष्ट. थांबून थांबून, जोरात, म्हणजे माझं काहीतरी चुकलं. स्पेसवर दोनदा थाप म्हणजे असाल तसे या. मी स्वयंपाकघरातूनच ‘काय गं’, ‘आलो’, ‘मी नाही, तूच ठेवलंस’ असं म्हणायला लागलो. धाकटे, इतक्या वर्षांच्या संसारात मी इतका कधी बोललो नव्हतो. तिचा आवाज परत मिळाला हे सगळ्यांना दिसलं. त्या बटणांनी माझाही मिळवून दिला, हे फक्त तिला माहीत होतं.

आता पुढचं.

तुला सातवा महिना लागला होता, तेव्हा एकदा तिने लिहिलं, “बटणं जड झाली आहेत.” बटणं होती तशीच होती. आजार उलटला होता आणि तिची बोटं थकली होती. खोक्यात तू हलक्या, आवाज न करणाऱ्या स्विचची वेगळी पुडी दिली होतीस, ‘कंटाळलात तर बदला’ म्हणून. एका दुपारी मी सगळे स्विच बदलले. बोट नुसतं ठेवलं तरी अक्षर उमटायचं. आवाज मात्र गेला. मी भांडी बैठकीत आणून घासायला लागलो, तिच्यासमोर, परातीत. तिने पहिलं वाक्य लिहिलं ते हे, “धाकटीला सांगायचं नाही.”

तेवढ्यात बाळ वेळेआधी आलं. तू त्याच्याबरोबर दवाखान्यात, ते काचेच्या पेटीत. ताईने लिहिलं, “तिला आता एकच काळजी असू दे.” तू फोन करणार आणि मागे टकटक ऐकू आली नाही तर लगेच ओळखणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं. तिने खालच्या खणाकडे बोट दाखवलं. तिथे मी बिघडवलेला पहिला बोर्ड होता. मी खाचा ढकलून बसवल्या, त्यात मोठ्या आवाजाचे स्विच लावले, वर बटणांच्या उरलेल्या टोप्या चढवल्या. तो कशालाच जोडलेला नव्हता. अक्षर उमटत नव्हतं, आवाज मात्र पूर्ण होता.

तुझा फोन आला की नेट नीट चालत नाही म्हणून मी कॅमेरा बंद ठेवायचो; ती तिच्या बोर्डावर हळूहळू लिहायची, मी वाचून दाखवायचो, आणि मध्ये माझ्या मांडीवरचा मोडका बोर्ड बडवायचो. पहिल्या खेपेला मी फारच जोर केला. तू म्हणालीस, “ताई, अगं हळू, टेबल मोडशील!” इकडे पडद्यावर आलं, “मी काय घोडा आहे?” खांदे हलवत हसत होती. ते दिवस वाईट होते, पण त्या फोनची ती सकाळपासून वाट बघायची, केस विंचरून बसायची. तू घरी फोन करत होतीस आणि घर तुला नाटक करून दाखवत होतं.

बाळ घरी आल्यावर तू विचारलंस, “ताई, आता येऊ का? डॉक्टर म्हणतात, मी जाऊ शकते.” तुला आठवत असेल. तिने लिहायला बराच वेळ घेतला, तितका वेळ मी बडवत राहिलो. मग मी वाचलं, “बाळाला मान धरू दे, मग ये. माझा आवाज ऐकतेस ना?” तू म्हणालीस, “ऐकतेय की, कान किटले!”

धाकटे, मी रिपोर्ट वाचणारा माणूस आहे. तिचे सगळे कागद माझ्याकडे होते. बाळाने मान धरेपर्यंत तिचं शरीर टिकणार नाही हे मला कळत होतं. तिला कळत होतं का, ते मी विचारलं नाही. फोन माझ्याच हातात होता. ‘नाही, आत्ताच ये’ म्हणायला एक श्वास पुरला असता. तिचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी गप्प बसलो. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

म्हणून लिहितो. तुला कळायला हवं होतं, असं काहीही नव्हतं. तुला कळू नये म्हणून दोन माणसं मेहनत घेत होती, आणि त्यातला एक मी होतो. तू उशिरा आली नाहीस. तुला उशिरा यायला लावलं.

हे न सांगण्याचा विचार मी केला. तुझं पत्र आल्यावर ताईच्या बोर्डातून हलके स्विच काढून मोठ्या आवाजाचे परत लावायला बसलो. तुला जसा माहीत होता तसाच मिळाला असता, आणि तुला कधी कळलं नसतं. वरची ओळ बदलून झाली. मग स्पेसची पट्टी हातात घेतली. डाव्या कडेला तिच्या अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेला एक ठिपका आहे. मी थांबलो. तू तो बोर्ड वाजवणार, आणि प्रत्येक टक् तुला म्हणणार, ‘तुला कळायला हवं होतं.’ काढलेले हलके स्विच मी पुन्हा बसवले. पाय सरळ बघून, खाली तळहात देऊन.

तेव्हा ताईचा बोर्ड तिने शेवटी वापरला तसाच तुझ्याकडे येईल. त्याला आवाज नाही. खोकं बांधून दाराशी ठेवलं आहे, पण पत्र आधी टाकतो आहे. वाचून तुला तो नको वाटला तर कळव, मी समजून घेईन.

मोडका बोर्ड मात्र मी ठेवून घेतो. त्यातली काही बटणं खरंच दुरुस्त करायची आहेत. सुटलेल्या खाचांना पुन्हा डाग देता येतो असं तू म्हणाली होतीस, पण ते फोनवर शिकवण्यासारखं नाही, असंही म्हणाली होतीस. फोटोवरून दिसतं, बाळाने मान धरली आहे. त्याला घेऊन ये. तू डाग द्यायला शिकव, तोवर त्याला तो बोर्ड बडवू दे. मी बैठकीतच असेन.

आणि आभार. तू ते खोकं पाठवलं नसतंस तर ताईचे शेवटचे महिने माझ्या पाठीकडे बघण्यात गेले असते. त्याऐवजी आम्ही भांडलो, हसलो, आणि मी उत्तरं दिली. हे तुझं देणं आहे, आणि त्याच देण्याने मी तुला फसवलं. दोन्ही खरं आहे. दोन्ही तुझ्यासमोर ठेवतो.

रागावशील तर मोठ्याने रागाव. या घराला मोठ्या आवाजाची सवय आहे, आणि आता मला ऐकू येतं.

तुझे ऋणी,
भावोजी