पाहुणीचा पोहायचा पोशाख

ती. अक्का,

आणि माझ्या धाकट्या जावेनं सांगितलं ते सगळं खरं मानून मोकळीही झालीस! मी परदेशी बाईचा पोशाख फाडला म्हणे! फाडला नाही, उसवला. यातला फरक तुला कळू नये? शिवण शिकवताना माझ्या हातात पहिली कात्री तूच दिलीस ना? बरं, साष्टांग नमस्कार. रागाच्या भरात राहून गेला. नवी कवळी बसली का? तोंडात ठेवतेस की डब्यात? आम्ही इथे ठीक. ह्यांचा खोकला ह्यांच्यासारखाच, सांगून ऐकत नाही. आता मुकाट्यानं माझी बाजू ऐक.

आमच्याकडे जगभरच्या पोहणाऱ्यांची शर्यत भरली, हे तुला ठाऊक आहे. (समुद्रात. धक्क्यापासून दीपगृहापर्यंत आणि परत. परतच यायचं तर गेलात कशाला, हे मी तेव्हापासून विचारतेय, कुणी धड सांगत नाही.) हॉटेलं भरली म्हणून घरोघरी एकेक पाहुणा वाटून दिला. आमच्या वाट्याला एक बाई आली. ताडमाड उंच, खांदे असे की ह्यांचा कोट तिला आखूड व्हावा. भाषा तिची तिलाच कळे. पण मला मेली भारी उत्सुकता! ही खाते काय, झोपते कशी, सगळं बघून घेतलं. केळ्यांचा घड संपवून जेवणाला काय आहे म्हणून स्वयंपाकघरात डोकवायची. सकाळी जमिनीवर पालथी पडून हवेतच हात मारायची. पहिल्या दिवशी ह्यांना वाटलं फेफरं आलं, हे पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

मग दोरीवर तिचा पोहायचा पोशाख वाळत घातलेला दिसला. अक्का, शाळकरी पोरीला झाला असता गं! मला आधी वाटलं, धुऊन आटला. पण ती तोच चढवताना मी पाहिलं. (दार उघडं होतं. डोकावले नाही, दिसलं.) उड्या काय मारते, भिंतीला काय टेकते, अर्धा चढला की बसून दम काय खाते! काढल्यावर खांद्यांवर लाल वळ. शिवणवालीच्या घरात राहून बाई असा कपडा घालते, उद्या लोक नावं कुणाला ठेवतील? अंगाला काचला तो कपडा नव्हे, हे तूच म्हणायचीस.

ती दुपारी झोपली तेव्हा मी दोन्ही कडा ब्लेडनं सोडवल्या. शिवण नव्हतीच, कसल्याशा डिंकानं चिकटवलं होतं. म्हटलं, हेच ते, शिवायचा कंटाळा! ह्यांच्या छत्रीचं काळं कापड पाणी धरत नाही, म्हणून त्याच्या पट्ट्या लावल्या, बारीक दुहेरी टाक्यानं. मानेमागे एक टोचरी पट्टी होती, ती कापून टाकली. घडी घालून तिच्या उशाशी ठेवला. (छत्रीचं ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पावसाला वेळ आहे.)

संध्याकाळी तिनं घातला. सर्रकन चढला. ती ओरडली. मला वाटलं आनंदानं, म्हणून मी चहा टाकला. चहा घेऊन गेले तर पलंगावर बसून हुंदके देतेय, एवढी मोठी बाई. तिचा मास्तर धावत आला. त्याला आपली भाषा मोडकीतोडकी येते, पण रागात बरीच आली. "बाई, तंगच हवा तो! सैल असला की आत पाणी भरतं, गोणीसारखं ओढतं!" आणि ती टोचरी पट्टी म्हणजे म्हणे मंजुरीचा शिक्का. तो नसला की पंच पाण्यात उतरू देत नाहीत. दुसरा पोशाख विमानवाल्यांनी बॅगेसकट हरवलेला. शर्यत उद्या सकाळी. मास्तर म्हणाला, "हिनं लग्नसुद्धा पुढे ढकललं या शर्यतीसाठी." तेव्हा मात्र मी उठले.

चपला घातल्या, तिचा हात धरला आणि पोहणाऱ्या बायका जिथे जिथे उतरल्या होत्या, तिथे तिच्या मापाचा पोशाख शोधत दारोदार निघाले. मास्तर मागे. माप मी नजरेनंच घेते. एक बुटकी निघाली, एक फारच रुंद. शेवटी बेकरीवाल्याच्या माडीवर बरोबर मापाची सापडली. मास्तर जिन्यातच थबकला. "हिच्याकडे नको. दरवेळी ही पहिली येते, आमची दुसरी." मी म्हटलं, "मग जास्तीचा पोशाख हिच्याकडेच असणार!" आणि शिरले आत. माझी कारागिरी तिच्यापुढे धरली. तिनं पट्ट्यांवरून बोट फिरवलं, पाहुणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोघी अशा हसत सुटल्या की बेकरीवाला पिठाच्या हातांनी वर आला. मग तिनं पेटीतून कोरा पोशाख काढून दिला. वैरीण वैरिणीला देते कशी? मी मास्तराकरवी विचारलं. म्हणाली, "ही नसली तर मी मागे कुणाला टाकू?" अक्का, याचा मी अजून विचार करतेय. मी जावेला साधी सुई देत नाही.

सकाळी पोशाख सरकावा म्हणून तिच्या पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून मीच तिला त्यात कोंबली. तिसरी आली. म्हणजे एक पायरी माझ्यामुळे घसरली, ते कबूल. पण फाडला म्हणायचं नाही!

जायच्या दिवशी किनाऱ्यावर मी तिला हातवारे करून विचारलं, परतच यायचं तर जाता कशाला? तिनं अंगावरच्या कपड्यांनिशी मला छातीभर पाण्यात ओढलं आणि पाठीखाली हात धरून उताणी केली. मी पाहुणीच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मग कान पाण्यात बुडाले. अक्का, काहीच ऐकू येईना. ह्यांचा खोकला नाही, मशीन नाही, जाऊ नाही. कळतंय तोवर तिनं हात काढून घेतला होता, आणि मी तशीच पाण्यावर!

तुझी,
धाकटी

ता. क. किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना काढायला एक बाई नेमलीय. ती सोमवारपासून बायकांना पोहायला शिकवणार आहे. मी नाव दिलंय. सहजच.

ता. क. तुझंही दिलंय.

ता. क. पाहुणी गेल्यापासून मी रोज पाण्याच्या काठापर्यंत जाते आणि घोट्याशी पाणी आलं की परत फिरते. पाठीखाली कुणाचा तरी हात असल्याशिवाय धीर होत नाही. परक्या बाईला हे सांगायची लाज वाटते, म्हणून तू ये. गुरुवारपर्यंत छातीचं आणि कमरेचं माप कळव, आणि खरं कळव. शुक्रवारी मी कापड कापायला घेणार आहे.