सात पट्ट्यांची भिंत

३ ऑक्टोबर, सकाळ
सगळ्यांची प्रकृती. बायको इन्साफ: गुडघे सोडून उत्तम. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला हाजी रुश्दी: ओलीमुळे खोकतो, पण खोकला थांबला तर त्याला ओळखणार कोण? दुसऱ्या मजल्यावरचे लमई मास्तर: साखर वाढली आहे, बोलणं त्याहून जास्त. मी: ठणठणीत. आमची इमारत, सूतगिरणीच्या वसाहतीतली, वय एकसष्ट: माझ्यासारखीच.
तरी हाउसिंग ऑफिसची नोटीस आली. दुरुस्ती परवडते की पाडून लिफ्टवाली नवी बांधणं, याचा ते हिशेब करणार. महिन्याभरात निर्णय. मी वडे बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर वाचायला शिकलो, पण हिशेब मला ऑफिसपेक्षा जास्त कळतो. संकल्प: हा हिशेब मीच करणार. निःपक्षपातीपणे. इमारत पाडू द्यायची नाही.

५ ऑक्टोबर
वही आखली. नव्या इमारतीचा खर्च: दोन वर्षं परक्या गल्लीत राहणं. लग्नातलं कपाट, जे दोर लावून गॅलरीतून वर घेतलं होतं, ते उतरताना मोडणार. गच्चीवरची माझी कबुतरं. त्यांना नवा पत्ता कोण सांगणार? दुरुस्तीचा खर्च: चार पोती सिमेंट.
इन्साफने विचारलं, "यात जिना कुठे लिहिलात?" म्हटलं, जिना फुकट आहे. तिने गुडघे चोळत माझ्याकडे पाहिलं. कौतुकाने असावं.
गेल्या रमजान ईदेपासून ती खाली उतरलेली नाही. चौथ्या मजल्याची हवा तिला मानवते.

८ ऑक्टोबर
इंजिनियर माजिदा आली. पोरसवदा, पण आवाज हेडमास्तरणीचा. आमच्या जिन्यातल्या तड्यावर जिप्समची आडवी पट्टी लिंपली, वर तारीख घातली. म्हणाली, "काका, पट्टी तडकली तर भिंत सरकतेय असं समजायचं." मी सांगितलं, एकेचाळीस वर्षांत या इमारतीत रुश्दीच्या जिभेशिवाय काही हललेलं नाही. तिने तेही लिहून घेतलं.

१२ ऑक्टोबर
पट्टी तडकली. सरकारी जिप्सम, दुसरं काय होणार? बाजारातून चांगलं आणलं, वरून लिंपलं, तीच तारीख तिच्याच वळणात काढली. ही फसवणूक नव्हे. मालाची दुरुस्ती.

१६ ऑक्टोबर
परत तडकली. परत लिंपली. हवामान.

१९ ऑक्टोबर
चौथा थर. इन्साफ विचारते, "अहो, रोज पहाटे जिन्यात काय करता?" व्यायाम, म्हटलं.

२४ ऑक्टोबर
समोरच्या गल्लीत इन्साफच्या बहिणीच्या, बहियाच्या, नातीची मेंदी. इन्साफने दुपारीच निळा झगा काढून ठेवला. मी योजना आखली: खुर्चीत बसवून खाली न्यायचं. पुढे रुश्दी, मागे मास्तर, सूचना द्यायला मी. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. मास्तर भिंतीला टेकून घाम पुसत होते. रुश्दी म्हणाला, "सब्री, तोंडाने उचलतोयस, जरा हातही लाव." लावला. कंबर धरली. माझी.
इन्साफ म्हणाली, "राहू द्या. तुम्हा तिघांना उचलायला आणि कोण येणार?"
तिला परत वर आणलं. मेंदी तिने गॅलरीतून पाहिली. तिथूनच आनंदाची ललकारी दिली, पण आवाज मध्येच फुटला. घसा असावा. एकंदरीत तिला जायची फारशी इच्छा नव्हती.

२ नोव्हेंबर
सातवा थर. पट्टी आता उशीएवढी फुगली आहे. इतकी मजबूत भिंत वसाहतीत दुसरी नाही.

६ नोव्हेंबर, दुपार
माजिदा आली. पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, मी बोटभर लावली होती. ही बाळसं कशी धरून बसली?" म्हटलं, घर खातंपितं आहे. तिने छिन्नीने पट्टी काढली आणि लोण्याच्या पापुद्र्यांची भाकरी उलगडावी तसे थर सोडवले. सात. प्रत्येक थर तडकलेला. तिने रिपोर्टात लिहिलं: महिन्याभरात भिंत सात वेळा सरकली. मग मला म्हणाली, "एका पट्टीवर साहेबांनी वाद घातला असता. सात पट्ट्यांवर कोण घालणार? थँक्यू काका."
साहेबांचा फोनवरच निर्णय: पाडायची.
ओलीतून सुटलो, म्हणत रुश्दीने मला मिठी मारली. मास्तरांनी सरबत वाटलं. जिन्यात माझ्या नावाने टाळ्या. थोडक्यात, मोहीम यशस्वी.

७ नोव्हेंबर
बांधकाम होईपर्यंत राहायला पर्यायी घर मिळणार, त्याचा अर्ज मागवला आहे. रात्रभर विचार करून मी लिहिला: तळमजला द्यावा, शक्यतो बहियाच्या गल्लीत. वहीत जिन्याची ओळही घातली. समोर आकडा मात्र लिहिता आला नाही.
अर्ज सहीसाठी इन्साफपुढे धरला, कारण घर तिच्या नावावर आहे. गिरणीत कामाला तीच होती. ती म्हणाली, "माझा अर्ज केव्हाच गेलाय. इंजिनियर बाई पहिल्या दिवशी आली, तेव्हाच गॅलरीतून दोरीच्या टोपलीत घालून तिच्याकडे खाली सोडला."
ऑफिसात जाऊन पाहिला. तळमजला, बहियाची गल्ली. राहणारी माणसं: एक. शेरा: "नवऱ्याला चौथा मजला सोडवत नाही. त्याला सोयीचं ते द्यावं."

८ नोव्हेंबर
हाउसिंग ऑफिसला पाठवलेल्या पत्राची नक्कल:
साहेब, श्रीमती इन्साफ यांच्या अर्जात एक माणूस वाढवावा. जागा कमी लागते. पाणी भरतो, भाजी आणतो, हिशेब करत नाही. मंजुरीचं त्यांना विचारलं, तर त्या म्हणतात, ऑफिस काय म्हणतं ते बघू. तरी कृपा करून उत्तर लवकर पाठवावं.