पाहणीच्या दिवशी बारा इंची पडद्याने राखलेली लाज

सोलापूर,
दसरा, सकाळ

तीर्थस्वरूप आण्णा,
महादेवप्पाचा शरणार्थ. रत्नागिरीची हवा आपल्या गुडघ्याला मानवली असेल आणि वहिनींनी आपले मीठ तोडले असेल, अशी आशा आहे. इकडे सर्व खुशाल, खुशालीपेक्षाही जास्त.

आपण तीस वर्षे जहाजांवर काढलीत, म्हणून बोटीवरच्या पडद्याबद्दल आपल्यालाच विचारले होते. आपण कळवलेत की पडदा लहान घे, बटणांचा घे, पाण्यात टचस्क्रीनचा भरवसा नसतो. आणि आपल्या धरणाचा नकाशा त्यात आहे का ते आधी बघ. मी पत्र दोनदा वाचले आणि बारा इंची टचस्क्रीन घेतला. (बटणांचा पडदा त्याच्या शेजारी कॅल्क्युलेटर दिसत होता.) एकाच काचेवर नकाशा, पाण्याची खोली, मासे, इंजिनाची उष्णता, सगळे! तो उजनीत मेव्हण्याच्या, म्हणजे प्रभुलिंगच्या बोटीवर बसवला. नकाशात जगातले सगळे समुद्र निघाले, उजनी तेवढी नव्हती. तिथे नुसती जमीन. प्रभुलिंग बराच वेळ बघून म्हणाला, "दाजी, आपली बोट वावरातनं चाललीया की!"

पण गोष्ट हौसेची नव्हती. घाटावर यंदा पक्षी दाखवणाऱ्या एकाच बोटीला जागा मिळणार होती. ती हुकली असती तर प्रभुलिंगला बोट विकावी लागली असती, आणि समोर पृथ्वीराजची नवी कोरी बोट. घाटाच्या समितीची पाहणी काल, रविवारी, नेमकी खंडेनवमीला. सासूबाईंनी (काशम्मा कुणाला विचारत नाहीत) इंजिनाबरोबर पडद्याचीही पूजा केली. ओल्या भस्माची तीन बोटे काचेवर आडवी ओढली, वर पाणी शिंपडले. यंत्राला प्रत्येक थेंब म्हणजे एक बोट वाटले. पडद्याचे सहा तुकडे झाले आणि अक्षरे कुठल्याशा परदेशी भाषेत गेली.

तशातच समितीचे तिघे बोटीत बसले. ऐन पाण्यात यंत्र किंचाळू लागले. मी जिथे दाबीन तिथून नवा आवाज. "बंद करा की, दाजी," प्रभुलिंग दात आवळून म्हणाला. पंधरा वर्षे पाणी बघून बोट हाकणारा माणूस त्या दिवशी माझ्या आग्रहाने पडदा बघत होता. शेवटी वैतागून त्याने इंजिनच बंद केले. पूजेपासून बोटीतच बसलेल्या सासूबाई कडेवरून वाकल्या. "आरं, हितं तर आमची बुडालेली शाळा हाय!" प्रभुलिंगने बांबू पाण्यात सोडला, तो दीड हातावर शाळेच्या भिंतीला टेकला. आम्ही बंद पडलो असे समजून पृथ्वीराज हात हलवत बाजूने पुढे गेला आणि थेट चौथीच्या वर्गावर जाऊन बसला. (इजा कुणाला नाही. दोरी आम्हीच टाकली.) समितीचे साहेब माझा हात धरून म्हणाले, "यंत्र असावं तर असं!" जागा आपली झाली, आण्णा. प्रभुलिंग पाण्याकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत होता.

सल्ला डावलल्याचा राग नसावा. जिंकलेल्या माणसाला क्षमा मागणे जड जाते, तरी मागतो.

आपला धाकटा,
महादेवप्पा

ता. क. काल संध्याकाळी आमच्या लेकीने, ऋतुजाने काच पुसून भाषा बदलली. ती ओरड पाणी उथळ असल्याची नव्हती. बॅटरी संपत आल्याची होती. बारा इंच फार पितात म्हणे. घाटावर हे कुणाला माहीत नाही.

आणखी ता. क. समितीने आता घाटावरच्या मासेमारीच्याही सगळ्या बोटींना असा पडदा सक्तीचा केला आहे आणि शिकवणारा तज्ज्ञ म्हणून माझे नाव लावले आहे. येत्या सोमवारी अकरा नावाडी वह्या घेऊन येतील. आपण रविवारीच पोहोचावे. गुडघ्याचे कारण चालणार नाही. आपल्याला उभे राहायचे नाही, माझ्या पाठीमागे बसून हळू आवाजात सांगायचे आहे.